दिल्लीच्या पाकिटातलं जग

जळगावच्या ज्या दैनिकात मी पहिली नोकरी केली, तिथे जगाचं बरंवाईट ठरवायचं काम दोन माणसांकडे होतं. एक मी. वय चोवीस, राज्यशास्त्रात एम. ए., रोज सकाळी पाचोऱ्याहून पॅसेंजरने येणारी. बाई म्हणून मला रात्रपाळी नव्हती, त्यामुळे दुपारी लागणारं अग्रलेखाचं पान माझ्याकडे आलं. दुसरे नाना. वय पंचावन्नच्या पुढे, पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, पायात टायरच्या चपला. देश-विदेशाचं पान आणि कापसाच्या भावांचं पान, ही दोन्ही पानं ते एकाच टेबलावर लावायचे. या दोन कामांत काही फरक आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असायचं. संपादकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत.

माझा पहिला अग्रलेख त्यांनी वाचला तो दिवस मला आठवतो. मी तो रात्रभर मनात जुळवला होता. त्यात ‘जाणकारांच्या मते’ तीनदा आणि ‘जागतिक समुदायात तीव्र चिंता’ एकदा होतं. नानांनी कागद हातात घेतला, पेन्सिलीचं मागचं टोक दातात धरलं आणि पहिल्याच परिच्छेदावर थांबले.

“हाई कोन म्हनस, माय?”

हे कोण म्हणतं? ते सोनगीरजवळच्या खेड्यातले. गावाकडची बोली ते ऑफिसात फारशी बोलत नसत. पण हा प्रश्न मात्र ते कायम अहिराणीतच विचारायचे, आणि माझ्यासारख्या पोरीसोरींना ‘माय’ म्हणायचे.

“जाणकार,” मी म्हणाले.

“त्यांचा पत्ता?”

मला वाटलं थट्टा चाललीय. नानांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. त्यांचा नियमच होता. ‘जाणकार’ असा शब्द लिहिला की जाणकाराचं नाव, गाव आणि तो ते कुठे म्हणाला हे चिठ्ठीवर लिहून कागदाला टाचणीने जोडायचं. छापायचं नाही, पण जोडायचं. माझ्या तीन जाणकारांपैकी एक दिल्लीच्या इंग्रजी पेपरातला लेखक निघाला. दुसराही तोच होता. तिसरा कोण ते मलाच सांगता येईना.

“म्हणजे एकच माणूस तीनदा खोकला,” नाना म्हणाले आणि कागद परत दिला. आवाजात राग नव्हता. त्यांना राग यायला वेळ लागायचा, आणि आला तरी तो कागदावर यायचा, माणसावर नाही.

त्यांच्या तऱ्हा ऑफिसात सगळ्यांना पाठ होत्या. ते भाकरी फडक्यात बांधून आणत. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीही खात नसत, भजीसुद्धा नाही. “दिवसभर डोक्यात जातंय तेवढं पुरे,” म्हणत. कुठल्याही देशावर लिहायचं तर तो देश पाहिलेला एखादा माणूस भेटल्याशिवाय त्यांच्या हातून वाक्य उतरत नसे. शनिवारी एसटीने गावी गेले की रविवारी सोनगीरला हायवेवर ट्रक थांबतात तिथे जाऊन बसायचे. पंजाबचे, आसामचे, पार सरहद्दीपर्यंत माल नेणारे ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचे झाले होते. ड्रायव्हरला ते मत विचारत नसत. रस्त्यात किती ठिकाणी गाडी अडवली, डिझेल कुठे मिळालं नाही, ढाबे किती वाजता बंद होतात, असलं काहीतरी विचारत आणि वहीत लिहून घेत. सोमवारी दिल्लीची बातमी यायची की आसामात परिस्थिती पूर्वपदावर. नाना वही काढून बघायचे आणि बातमी आतल्या पानावर ढकलायचे.

या सवयीपायी एकदा फजितीही झाली. रशियाचं सैन्य अफगाणिस्तानातून निघालं तेव्हा संपादकांना त्यावर लेख हवा होता. नानांनी तो तीन दिवस अडवून धरला. कारण दर वर्षी त्या सुमाराला नवी पेठेत एक हिंगवाला यायचा, आणि तो काबूलचा आहे असं नानांना कोणीतरी सांगितलं होतं. चौथ्या दिवशी हिंगवाला आला. नाना स्वतः त्याला चहाला घेऊन गेले. तासाभराने परत आले आणि टेबलाशी बसले.

“काय म्हणाला?” संपादकांनी विचारलं.

“हाथरसचा निघाला,” नाना म्हणाले. “काबूल त्याच्या आजोबांनी पाहिलं होतं.”

तो लेख शेवटी छापलाच नाही. संपादक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि नानांना ते आठ दिवसांनी कळलं.

दिल्लीचं पाकीट दर मंगळवारी यायचं. जाड, पिवळसर, उजव्या कोपऱ्यात संस्थेचं चिन्ह. परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करणारी ती एक मोठी संस्था होती. निवृत्त राजदूत, निवृत्त सेनाधिकारी, विद्यापीठातले प्राध्यापक तिथे बसून जगाचा अभ्यास करत आणि अभ्यास करून झाला की लेख लिहीत. त्या लेखांची भाषांतरं करून संस्था देशभरच्या लहान दैनिकांना पाठवायची. सोबत लेखकाचा फोटो आणि खाली ओळ: छापण्यास विनामूल्य.

संपादक पाकीट स्वतः फोडायचे. “बघा, राजदूताचा लेख, आणि तोही तयार!” असं म्हणून माझ्या टेबलावर ठेवायचे. त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या ऑफिसात टेलिप्रिंटर होता, एक जुना शब्दकोश होता आणि नानांचा शाळेतला नकाशासंग्रह होता, ज्यात बदललेल्या सरहद्दी नानांनी पेन्सिलीने दुरुस्त केल्या होत्या. तेवढ्यावर जगाबद्दल काय लिहिणार? मी ते लेख वाचायचे, त्यातले मुद्दे घ्यायचे, आणि आमच्या पेपराचं मत तयार व्हायचं.

नाना त्या पाकिटाचे शत्रू होते असं नंतर लोक सांगायचे. ते खरं नाही. त्यांच्याइतकं मन लावून ते लेख कोणी वाचत नसे. आकडा चुकला तर ते संस्थेला कार्ड टाकायचे. एकदा दिल्लीहून आभाराचं पत्रही आलं होतं, ते त्यांनी चारपाच दिवस खिशात ठेवलं होतं. त्यांची तक्रार वेगळी होती. एका दुपारी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला शेतातलं पाटाचं पाणी फिरतं तसे बाण काढून दाखवले. संस्थेत एक जण काहीतरी मांडतो. तेच तो इंग्रजी पेपरात लिहितो. त्यावरून संसदेत कोणी प्रश्न विचारतं. मंत्री उत्तरात म्हणतात, तज्ज्ञांचं असं मत आहे. मग संस्थेच्या पुढच्या अंकात येतं, मंत्र्यांनीही हेच म्हटलं आहे. तोवर पाकिटातून तेच आमच्याकडे आलेलं असतं आणि बोदवडचा वाचक सकाळी चहाबरोबर ते वाचून म्हणतो, बघा, सगळेच असं म्हणतायत.

“ही माणसं खोटं बोलत नाहीत, माय,” नाना म्हणाले. “हुशार आहेत, अभ्यासू आहेत. पण ती एकमेकांशीच बोलतात. आणि एकमेकांशी बोललेलं मोठ्याने ऐकू आलं की त्यांना वाटतं, देश बोलतोय.”

मला तेव्हा वाटलं, नाना खेड्यातल्या माणसाच्या संशयाने बोलतायत. मी तसं म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर आलं असावं. त्यांनी कॅलेंडर गुंडाळून ठेवलं.

आता ज्या गोष्टीमुळे नाना माझ्या आयुष्यात राहिले ती सांगते.

आमच्या पेपराच्या वर्षभराच्या फायली बांधायचं काम एका बाइंडरकडे होतं. ऑफिसच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. खळ, सुतळी, पुठ्ठे आणि त्यांच्यामध्ये पाय दुमडून बसलेले चाचा. वाचता फारसं येत नसे, पण तीस वर्षांचा पेपर त्यांच्या हातून गेला होता. नानांचा आणि त्यांचा जुना स्नेह. चाचांचा मुलगा रशीद कुवेतला ड्रायव्हर होता, एका व्यापाऱ्याच्या घरी. त्या वर्षी जून-जुलैत तो सुट्टीवर आला होता. बायकोला नववा महिना चालू होता.

जुलै संपत आला तेव्हा बातम्या यायला लागल्या की इराकने कुवेतच्या सरहद्दीवर सैन्य आणून उभं केलंय. त्याच आठवड्यात पाकिटातून एका राजदूतांचा लेख आला. तेलाच्या किमतीसाठी हा दबाव आहे, त्यापुढे काही नाही, असा त्याचा सूर. लेख अतिशय चांगला लिहिलेला होता. राजदूत स्वतः त्या भागात चार वर्षं राहिलेले होते. नानांच्या नियमालाही तो उतरत होता, म्हणून मी त्या दिवशी चिठ्ठी मोठ्या दिमाखात जोडली. अग्रलेख लिहिला. शेवट मला स्वतःला आवडला: ‘आखातात राहणाऱ्या आपल्या हजारो बांधवांनी चिंता करण्याचे कारण नाही.’

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा रशीदला घेऊन ऑफिसात आले. रशीद दाराशी उभा राहिला, चाचा आत आले.

“नाना, लडके की छुट्टी खत्म हो रही है. सुनेचे दिवस भरत आलेत. डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळतंय, आठ-पंधरा दिवस वाढवून घेता येईल. घरच्या बाया म्हणतात, थांब. शेठ म्हणतो, ये. आणि तिकडे फौज आली म्हणतात. तुम्ही सांगा, जाऊ देऊ का?”

नानांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “मला माहीत नाही, चाचा.”

“तीस साल अखबार में, और मालूम नहीं?”

“नाही माहीत.”

चाचांचा चेहरा उतरला. मला नानांचा राग आला. एवढा मोठा अभ्यास टेबलावर पडलेला असताना माणसाला असं अधांतरी सोडायचं? मी उठले, त्या सकाळचा अंक घेतला आणि चाचांना अग्रलेख वाचून दाखवला. हळूहळू, प्रत्येक वाक्य समजावून. शेवटचं वाक्य दोनदा. राजदूतांचं नाव सांगितलं, चार वर्षं तिथे होते हे सांगितलं. दाराशी उभा असलेला रशीद हसला. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बेटी पढी-लिखी है.”

नाना कापसाच्या पानात खाली मान घालून बसले होते.

रशीद त्या शनिवारी गेला. पाचव्या दिवशी पहाटे इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं.

फोन बंद, तार बंद. पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, होईल सुरू. मग आठवडा गेला, दोन गेले. टेलिप्रिंटरवर येणाऱ्या प्रत्येक ओळीकडे मी रशीदची बातमी असल्यासारखी धावायचे, जणू टेलिप्रिंटर त्याचं नाव टाइप करणार होता. नानांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. ते रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मागच्या गल्लीत जायचे, चाचांसमोर मांडी घालून बसायचे आणि पुस्तकांच्या छापील कागदांना घड्या घालून द्यायचे. चाचांचा दोरा त्या दिवसांत सुईत जात नसे. नाना दोरा ओवून द्यायचे.

ऑगस्टच्या मध्यावर रशीदला मुलगी झाली. मी बघायला गेले. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. खोलीत शेगडीचा धूर होता, बाळंतीण भिंतीला टेकून बसली होती. तिने मुलीचं तोंड मला दाखवलं. मग अगदी सरळ, काही मनात न ठेवता विचारलं, “ताई, आज काय लिहिलंय तुम्ही?”

त्या दिवशी मी साखर कारखान्यांवर लिहिलं होतं. मी म्हटलं, काही नाही.

सप्टेंबर संपता संपता अम्मानहून तार आली. रशीद जिवंत होता. बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सरहद्दीवर वाळवंटात तंबू, पाण्याच्या रांगा, आणि शेवटी सरकारी विमान मुंबईला. जळगाव स्टेशनवर तो उतरला तेव्हा चाचा आणि नाना दोघेही होते. त्याची दाढी वाढलेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. चाचांनी त्याला जवळ घेतलं नाही. आधी त्याचे हात तपासले, मग पाय, मग तोंड, एखादी फाटलेली वही उलटसुलट करून पाहावी तसं. आणि मग खाली फलाटावरच बसले.

नानांनी पुढचे तीन दिवस रशीदसमोर वही उघडून काढले. त्याने सांगितलेलं सगळं लिहून घेतलं. त्यातली एक गोष्ट मी विसरलेले नाही. रशीद कुवेतला पोचला त्याच्या तिसऱ्या दिवशी मालकाचं सगळं कुटुंब त्याने विमानतळावर सोडलं. “शेठ लोग हर गर्मी में बाहर जाते हैं,” तो म्हणाला, “पण दर वर्षी पोपटाला आम्ही सांभाळतो. यंदा पिंजरा पण घेऊन गेले.”

नानांनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. संपादकांनी ते लिखाण आठव्या पानावर, निम्मं करून छापलं. “ड्रायव्हरचे अनुभव आहेत, नाना,” ते म्हणाले. “मत म्हणून कसं घ्यायचं?”

नोव्हेंबरात पाकिटातून संस्थेचं त्रैमासिक आलं. त्यात आखाती पेच आणि भारतीय जनमत असा एक लांबलचक लेख होता. जुलैत देशातलं जनमत किती शांत आणि समंजस होतं हे त्यात दाखवलं होतं, आणि पुरावा म्हणून खाली तळटीप: खानदेशातील एका मान्यवर दैनिकाचा अग्रलेख पाहावा. तारीख माझ्या अग्रलेखाची होती.

संपादकांनी ते पान नोटीस बोर्डावर लावलं. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. नाना बोर्डासमोर उभे राहून वाचत होते. वाचून झाल्यावर हसू लागले. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं.

“विहिरीत तोंड घालून हेच ओरडले,” ते म्हणाले, “आणि वर येऊन सांगतायत, विहीर असं म्हणते!”

मग हसू ओसरलं आणि त्यांनी विचारलं, “तू काय करणार आहेस, माय?”

डिसेंबरात त्याच विषयावर संस्थेने धुळ्याला एका कॉलेजच्या सभागृहात चर्चासत्र ठेवलं. तेच राजदूत येणार होते. संपादकांनी आमच्या पेपराकडून मला पाठवलं. नाना स्वतःहून आले, आणि रशीदला घेऊन आले. रशीदने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो लग्नात परक्या बाजूला बसल्यासारखा खुर्चीच्या कडेला बसला होता.

राजदूत उंच, शांत, पुण्याकडचे होते. छान बोलले. बोलता बोलता म्हणाले, “याच भागातल्या एका दैनिकाने जुलैत जो संयम दाखवला…”

मी उभी राहिले. “सर, तो अग्रलेख माझा आहे. तो मी तुमच्या लेखावरून लिहिला. ते खानदेशचं मत नव्हतं. ते तुमचंच मत होतं.”

सभागृहात कोणीतरी खाकरलं. अध्यक्ष घड्याळाकडे बघू लागले. तेवढ्यात नाना उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, इथे कुवेतहून आलेला एक माणूस बसलाय. त्याला दहा मिनिटं द्या.” अध्यक्ष म्हणाले, वेळ संपला, जेवण थंड होतंय. राजदूतांनी हातानेच त्यांना थांबवलं. “जेवताना बसू,” ते म्हणाले.

आणि खरंच बसले. कॉलेजच्या आवारात लिंबाखाली दोन खुर्च्या, ताट बाजूला ठेवलेलं, गुडघ्यावर कागद. तास-सव्वा तास त्यांनी रशीदला विचारलं, मधे न बोलता ऐकलं. पोपटापाशी ते थांबले आणि पुन्हा सांगायला लावलं. शेवटी नानांकडे वळून म्हणाले, “आम्ही दूतावासाशी बोललो, सरकारशी बोललो, एकमेकांशी तर रोजच बोलतो. ड्रायव्हरशी बोलायचं सुचलं नाही.” हे त्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं. पुढे संस्थेच्या अंकात रशीदचं निवेदन त्याच्या पूर्ण नावानिशी छापून आलं. नानांनी ते दोनदा वाचलं आणि दोन स्वल्पविराम चुकलेत म्हणून कार्ड टाकलं.

रशीद त्या दिवशी धुळ्यालाच बहिणीकडे राहिला. परतीच्या बसमध्ये मी आणि नाना दोघंच. मी खुशीत होते. पाच महिने छातीवर ठेवलेलं काहीतरी उतरलं होतं. भर सभेत मी खरं बोलले होते. नाना काहीतरी म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. पारोळा गेलं तरी ते खिडकीबाहेरच बघत होते.

“मी चुकीचं बोलले का?” शेवटी मीच विचारलं.

“बोललीस ते बरं केलंस,” ते म्हणाले. “पण पुरतं खरं नव्हतं.”

मी त्यांच्याकडे वळले.

“त्यांच्या लेखाचा शेवट आठवतो? ‘आपल्या नागरिकांनी तूर्तास चिंता करण्याचे कारण नाही, मात्र घडामोडींवर लक्ष ठेवणे आवश्यक आहे.’ तू ‘तूर्तास’ काढलास. आणि ‘मात्र’पासूनचं पुढचं सगळं काढलंस.”

मला आठवलं. वाक्य लांब होत होतं. त्याला जोर येत नव्हता. मी दोन्ही काढलं होतं, आणि मग ते आवडलं म्हणून चाचांना दोनदा वाचून दाखवलं होतं.

“तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?”

“त्याच दिवसापासून. पानाचं प्रूफ मी वाचलं.” नानांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला नाही. “दोन्ही कागद माझ्यासमोर होते. दिसलं मला. म्हटलं, रोज रोज या पोरीशी काय वाद घालायचा. सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी चाचा आले तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण तू उभी राहून वाचत होतीस. मला वाटलं, चारचौघांत तुझा अपमान होईल.”

बस एरंडोलच्या स्टँडवर थांबली. लोक उतरले, चढले. एक बाई केळ्यांची टोपली घेऊन आमच्या शेजारी बसली आणि नाना तिला जागा करून द्यायला सरकले.

“म्हणून तुम्ही रोज चाचांकडे जात होतात?” मी विचारलं.

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

दोन दिवसांनी रशीद परत आला तेव्हा आम्ही दोघं मागच्या गल्लीत गेलो. चाचा पुठ्ठ्याला खळ लावत होते, रशीद मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. मी सांगायला सुरुवात केली, पण माझं वाक्य पुरं होईना. मग नानांनी सांगितलं. आपला भाग आधी, माझा नंतर. कोणता शब्द होता, कोणी काढला, कोणी पाहिला आणि गप्प राहिला.

चाचांनी ब्रश खाली ठेवला. ‘तूर्तास’ म्हणजे काय ते त्यांनी नानांना पुन्हा विचारून घेतलं. “म्हणजे अभी के लिए?”

“हो. आत्तापुरतं.”

“ते ऐकलं असतं तर मी नसतं जाऊ दिलं,” चाचा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. मुलीच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता, तो ती तोंडात घालत होती.

रशीदने तो तुकडा हलकेच काढून घेतला. “रहता तो भी मैं जाता, अब्बा. शेठ एक लफ़्ज़ के लिए थोडी रुकता है.” आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “आप दिल पे मत लो, ताई.”

चाचांनी पुन्हा ब्रश उचलला. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी नानांना “कल आना” म्हटलं. मला काही म्हटलं नाही.

गल्लीतून ऑफिसकडे येताना मी भराभर चालत नानांच्या बरोबरीला आले. “ऐकलंत ना, नाना?” मी म्हणाले. “रशीद म्हणाला, तो तसाही गेला असता.”

“ऐकलं,” नाना म्हणाले. “खरंही असेल. पण ते त्यानं म्हणायचं. आपण नाही.”

आणि ते जिना चढून वर गेले. कापसाचं पान लागायचं होतं.